‘जखमींवर उपचार सुरू आहेत’ : महाड-पोलादपूरच्या घाटवाटा आणि मोडलेले हाड

मराठी वृत्तपत्रांतील अपघाताच्या बातमीचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते. वाहन कोठून कोठे चालले होते, ते किती फूट खोल कोसळले, किती माणसे गेली, कोणकोणत्या नेत्यांनी शोक व्यक्त केला, हे सर्व सांगून झाले की वार्ताहर लिहितो, ‘जखमींवर उपचार सुरू आहेत’. यानंतर जखमी माणूस वाचकाच्या दृष्टीआड होतो. उपचार किती दिवस चालले, हाड सरळ जुळले की वाकडे, तो माणूस पुन्हा आपल्या कामाला उभा राहिला की नाही, याची बातमी होत नाही. इतिहासलेखनाची आणि साहित्याचीही तऱ्हा याहून फारशी निराळी नाही असे आम्हांस वाटते. पडण्याची तारीख नोंदली जाते, बरे होण्याची कोणी नोंदत नाही. प्रस्तुत लेखात महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांपुरता हा प्रश्न पाहण्याचा विचार आहे. निमित्त मात्र अगदी अलीकडचे, म्हणजे डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या मोडलेल्या हाडांचे आहे.

रायगड जिल्ह्याच्या या आतल्या कोपऱ्यात समुद्र दिसत नाही. एका बाजूस सावित्री, गांधारी, काळ या नद्यांची खोरी आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची भिंत, यांच्यामध्ये हे तालुके बसले आहेत. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे, आणि तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले पोलादपूर जवळजवळ समुद्राच्याच पातळीला यायचे. एवढा उतार एवढ्या थोड्या अंतरात असल्यावर माणसे, बैल आणि ओझी पडत राहणार हे उघड आहे. येथील वाटांच्या नावांतही त्याच्या खुणा आहेत. प्रतापगडाच्या परिसरातल्या एका घाटाचे नाव रडतोंडी. चढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पडलेले हे नाव इंग्रजांच्या कानाला नीट लागले नाही आणि त्यांच्या प्रवासपुस्तकांत ते ‘रोटंडा’ झाले. रडे तोंड जाऊन त्या जागी घुमट आला! दुसरी वाट मढे घाटाची. तानाजी मालुसरे यांचा देह सिंहगडाहून याच वाटेने पोलादपूर तालुक्यातील उमरठ गावी आणला, म्हणून हे नाव, असे परंपरा सांगते. व्युत्पत्ती म्हणून ती टिकेल की नाही हा भाग वेगळा. लोकस्मृतीने घाटाला नाव देताना मृत्यूची आठवण ठेवली, एवढे आमच्या मुद्द्यापुरते पुरेसे आहे.

जखमेची आठवण ठेवण्याची पद्धत पाहायची तर महाड तालुक्यातल्याच रायगडावरची हिरकणीची कथा पाहावी. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून गवळण सरळ कड्यावरून उतरली. अंगावर ओरखडे, कपडे फाटलेले, अशी ती घरी पोहोचली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधवला. शाळेपासून आपण ही कथा शिकतो आणि शिकवतो. कड्यावरून उतरलेल्या बाईचा पाय पुढे किती दिवस सुजला होता, दूध घालायला ती पुन्हा गडावर कधी चढली, हे विचारण्याचे कोणत्याही विद्यार्थ्याच्या मनात येत नाही, कारण कथेचा आकारच तो प्रश्न येऊ देत नाही. बुरूज बांधून झाला की कथा संपते. याच तालुक्यातील शिवथरघळीशी परंपरेने जोडलेल्या दासबोधात तिसऱ्या दशकात आधिभौतिक तापांची मोठी यादी आहे. काटे, सराटे, शस्त्रांचे घाव असे बाहेरून देहाला होणारे नाना क्लेश समर्थांनी तेथे मोजले आहेत. निरीक्षण इतके बारीक, की ही यादी डोंगरात हिंडलेल्या माणसाची आहे हे कोणालाही पटावे. परंतु तापाची यादी करणे हे त्या समासाचे प्रयोजन. ताप ओसरण्याच्या दिवसांना त्यात जागा नाही, आणि अध्यात्माच्या दृष्टीने ती असण्याचे कारणही नाही.

याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत पाणी प्यालेल्या माणसांवर गावातील जमावाने काठ्यांनी हल्ला केला. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार आहेत अशी अफवा उठवण्यात आली होती. मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या प्रतिनिधींना मार बसला. त्या दिवसाचा इतिहास मराठीत तपशिलाने लिहिला गेला आहे, खटल्याची हकिगतही आहे. ज्यांनी मार खाल्ला ती माणसे खेड्यापाड्यांतून पायी आली होती आणि परत जाऊन त्यांना हातांनीच पोट भरायचे होते. त्यांच्या पुढच्या महिन्या-दोन महिन्यांचे काय झाले, हा त्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे. संघर्षाची किंमत कोणी किती दिवस मोजली हे तेथेच कळते.

आता त्या रस्त्याकडे येऊ. १८२८ साली सर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्या काळात महाबळेश्वर हे हवापालटाचे ठाणे म्हणून वसू लागले. आजारी आणि अशक्त इंग्रजांनी तेथे येऊन प्रकृती सुधारावी हा उद्देश होता. मुंबईहून येणारी मंडळी गलबताने बाणकोटला येत, तेथून सावित्रीच्या पात्राने महाडकडे, आणि पुढे पालखीत बसून पार घाटाने वर. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड (कारकीर्द १८६७ ते १८७२) यांचे नाव दिलेला गाडीरस्ता झाला, तोच आजचा आंबेनळी घाट. म्हणजे महाड-पोलादपूरहून वर जाणारी ही वाट आधुनिक काळात रुंद झाली ती मुळात कोणाच्या तरी बरे होण्यासाठी. इंग्रजांचे बरे होणे त्यांच्या पत्रांत आणि रोजनिशींत सापडते. पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन रडतोंडीच्या पायऱ्या चढणाऱ्या भोयाचा पाय मुरगळला, तर त्याच्या जागी दुसरा भोई उभा राहत असणार. एका माणसाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याने पडायचे, ही या घाटाची जुनी व्यवस्था आहे.

या पार्श्वभूमीवर डोंगरी सायकलस्वार हा घाटातला अगदी नवा माणूस ठरतो. तो या वाटेवर मीठ घेऊन चढत नाही, पालखी वाहत नाही, लढायलाही येत नाही. तो हौसेने येतो, आणि उतार हेच त्याचे सुख असते. या खेळाची जन्मकथा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन परगण्यात, माउंट टॅमलपायस या डोंगराच्या आसपास घडली. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावर नेत आणि वणवाविझवणीच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे १,३०० फूट उतरणाऱ्या त्या वाटेला ‘रिपॅक’ म्हणत, कारण एका उतरणीतच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा तयार केला, १९८१ मध्ये कारखान्यात बनलेल्या सायकली बाजारात आल्या, १९९० मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये खेळाचा समावेश झाला. आपल्याकडे गिअरच्या सायकली शहरी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या त्या २००० नंतर. पुण्या-मुंबईचे गट वरंधा आणि आंबेनळी घाटांत दिसू लागले आणि त्यांचे पाहून महाडचीही काही तरुण (आणि फारशी तरुण नसलेली) मंडळी या छंदाला लागली.

आमच्या महाविद्यालयातील भूगोलाचे एक सहकारी या दुसऱ्या गटातले. दोन पावसाळ्यांपूर्वी, नवरात्राच्या सुमारास, ते महाबळेश्वरहून सायकलने उतरत होते. डांबरी रस्ता सोडून पार गावाच्या खालच्या जुन्या पायवाटेने जावे असे त्यांच्या मनात आले. पावसाने धुऊन उघडे पडलेले दगड, त्यांवर शेवाळ. पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत अडकले, हाताने पुढचा ब्रेक दाबला गेला, आणि हँडलवरून उडून ते समोर पडले. माणूस असा पडतो तेव्हा हात आपोआप पुढे येतो, आणि सगळा भार तळहात, मनगट, कोपर, खांदा या वाटेने गळ्याजवळच्या आडव्या हाडापर्यंत पोहोचतो. या वाटेत जेथे कमजोर जागा असेल तेथे मोडते. सायकलस्वारांची मनगटे आणि जत्रूची हाडे वारंवार मोडतात ती यामुळे. आमच्या सहकाऱ्यांची दोन्ही मोडली, तीही उजवी. गुरे राखणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांचा हात पंचाने गळ्यात बांधून दिला आणि सायकल स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्यांना रस्त्यापर्यंत आणून सोडले. जत्रूला शस्त्रक्रिया लागली नाही, झोळी पुरली. मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिले.

या प्रसंगाचा उल्लेख करण्याचे कारण पडण्याची हकिगत हे नव्हे. ती ते स्वतः फार रंगवून सांगतात आणि दर वेळी दगड थोडा मोठा होतो. आम्हांस लक्षणीय वाटले ते पुढचे. प्लॅस्टर काढल्यावर आतून निघालेला हात बारीक, कोंडा सुटलेला, परक्या माणसाचा वाटावा असा होता. बोटांत खडू धरवेना. फळ्यावर नकाशा काढणाऱ्या शिक्षकाला सोलापूर आणि सातारा यांच्या सीमारेषा ओढता येईनात. फिजिओथेरपिस्टने त्यांना आधी स्पंजचा चेंडू दिला, मग रबराचा, मग त्याहून कडक. स्टाफरूममध्ये बसून ते तो चेंडू दाबत राहत. या दोन महिन्यांविषयी विचारले असता त्यांनी सांगितले की त्यात सांगण्यासारखे काही नाही. साहित्याच्या शिक्षकांनी या उत्तरापाशी थांबावे असे त्यात खूप आहे. कथेला घटना लागते, आणि बरे होण्यात घटना नसते. त्यात केवळ पुनरावृत्ती असते : तोच चेंडू, तेच दहा वेळा दाबणे, कालच्यापेक्षा तसूभर अधिक वळलेले बोट. आपल्या कथनशास्त्राजवळ या तसूभरासाठी साधने नाहीत.

साधने होती ती वैद्यकाजवळ, आणि फार पूर्वीपासून होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधरावा अध्याय भग्नाविषयी आहे आणि चिकित्सास्थानातील तिसरा त्याच्या उपचाराविषयी. सांधे निखळण्याचे सहा आणि हाडे मोडण्याचे बारा प्रकार तेथे दिले आहेत. नावे पाहावीत : कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, मज्जानुगत, वक्र, छिन्न, स्फुटित. दोन्ही टोके दबून मधला भाग खेकड्यासारखा वर आला तर कर्कटक, घोड्याच्या कानासारखे टोक निघाले तर अश्वकर्ण. क्ष-किरण १८९५ साली सापडले. त्यापूर्वी हजारो वर्षे वैद्य बोटांनीच हाड वाचत होता, आणि त्या वाचनातून ही उपमासृष्टी तयार झाली. ‘वक्र’ हा प्रकार तर हाड न तुटता नुसते वाकण्याचा. लहान मुलांच्या कोवळ्या हाडांत असे होते हे आजही शिकवले जाते. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा पोक्त हाडाचा आहे. मुलांची हाडे वाकतात आणि लवकर सरळही होतात.

उपचाराच्या अध्यायात वाचणाऱ्याला थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्यातला काळाचा हिशेब. पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी. तरुण वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट काळ लागतो. बंध सैल असेल तर सांधा स्थिरावत नाही, फार आवळला तर सूज, वेदना आणि पू होतो. मोह, पळस, उंबर, पिंपळ, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या हाडाला आधार म्हणून बांधाव्यात. ही सगळी झाडे पोलादपूरच्या रानात आहेत. मांडी किंवा पोटरीचे हाड मोडले तर रुग्णाला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी अंग स्थिर करावे. जत्रूसाठी, ज्याला संहिता अक्षक म्हणते, शेक देऊन मुसळाच्या साहाय्याने दबलेले टोक उचलावे, वर आलेले टोक दाबावे आणि घट्ट बांधावे. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे असेही सांगितले आहे. आणि तळहाताच्या भंगासंबंधी एक सूचना आहे, जिच्यासाठी आम्ही हा सारा विस्तार केला. रुग्णाने शेणामातीच्या मऊ गोळ्यापासून मुठीत धरण्यास आरंभ करावा आणि हातात बळ येईल तसे शेवटी दगड धरावा. स्पंजचा चेंडू आणि रबराचा चेंडू यांमागचे तत्त्व हेच आहे. हाड बसवणे हा वैद्याचा एका दिवसाचा पराक्रम. संहिताकाराने तेथे न थांबता रुग्णाच्या मुठीत काय असावे, आणि ते कोणत्या क्रमाने बदलत जावे, याचीही नोंद केली आहे. बरे होण्याच्या काळाला मिळालेले इतके आत्मीय लक्ष आम्हांस आपल्या ललित वाङ्मयात क्वचितच आढळले.

संहितेतले हे ज्ञान आणि गावातला हाडवैद्य यांचे नाते मात्र सरळ रेषेने दाखवता येत नाही. हाडवैद्य संस्कृत वाचत नव्हता. त्याच्या हाताला ते घराण्यातून आलेले असे. बांबूच्या कामट्या, मैदालकडीच्या सालीचा लेप, कांडवेल, हा त्याचा संच होता. कांडवेलीला हाडसांधी असेही नाव आहे, आणि त्या वेलीचा हाडांच्या जुळणीवर होणारा परिणाम काशीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात के. एन. उडुपा यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर तपासला होता. याचा अर्थ हाडवैद्याकडे सगळे गुणच होते असा कोणी करू नये. करकचून बांधलेल्या कामट्यांखाली रक्तप्रवाह थांबून हात किंवा पाय सडणे हे अशा उपचाराचे जगभर आढळलेले भयंकर फळ आहे. गंमत अशी की घट्ट बंधाचा धोका सुश्रुताने स्पष्ट सांगितला होता. ग्रंथ एकीकडे आणि हात दुसरीकडे राहिले, त्याची किंमत कोणा तरी गुराख्याने आपला हात देऊन मोजली. आपल्या समाजरचनेत विद्या आणि कसब यांची जी फारकत झाली, तिच्याविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. तिचा इतका देहबद्ध पुरावा दुसरा मिळणे अवघड.

कसबाची नोंद होण्यासाठी बाहेरचा डोळा लागतो हेही येथे ध्यानात येते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून देण्यात आले होते. विटा पाडणाऱ्या जातीतला तो कारागीर नोंदला गेला, कारण इंग्रज डॉक्टर पाहायला हजर होते. त्याचेही नाव नाहीच, रुग्णाचे आहे. महाडपुरते बोलायचे तर विंचूदंशाला असा डोळा लाभला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, लाल विंचू चावलेल्या माणसांजवळ बसून त्यांची नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या, आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्या छापल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या शेतकऱ्याच्या वेदनेचा तासातासाचा वृत्तांत जगाच्या वैद्यकात गेला तो असा. मोडलेल्या हाडाला तो मान मिळाला नाही. विंचवाचे विष दोन दिवसांत निकाल लावते, हाड तीन महिने घेते, आणि तीन महिने कोणी उशाशी बसत नाही.

युरोपातही हाडवैद्याची परंपरा होती, पण तेथे एका घरात ती विद्यापीठाला भेटली. ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) हा वेल्समधील अँग्लसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या कुळातला, शिकून डॉक्टर झालेला. मोडलेल्या अवयवाला दीर्घ आणि अखंड विश्रांती हवी असा त्याचा आग्रह. त्याने केलेला लोखंडी आधार त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात वापरात आणला आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. डच लष्करी डॉक्टर मातेयसेन याने १८५२ मध्ये प्लॅस्टरच्या पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. हाडात सळई किंवा पट्टी घालून सांधा लवकर हलता करावा, या मताच्या स्विस शल्यविशारदांनी १९५८ मध्ये आपली संघटना काढली. आज पोलादपूरच्या एसटी स्थानकावरही ‘पायात रॉड टाकलाय’ हे वाक्य सहज ऐकू येते, त्यामागे ही दीर्घ वादाची परंपरा आहे : विश्रांती की हालचाल?

हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच आर्थिकही आहे, आणि येथे आमच्या सहकाऱ्यांची गोष्ट व आमच्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळ्या होतात. सहकाऱ्यांना भरपगारी रजा होती. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एका मुलीचे वडील त्याच वर्षी आधीच्या वैशाखात घराची कौले फिरवताना पडले आणि त्यांचा खुबा मोडला. कोकणात पडण्याचेही ऋतू आहेत. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, त्यासाठी थंडीत झाडांवर चढून कवळ तोडतात, तेव्हा माणसे झाडांवरून पडतात. पावसापूर्वी घरे शाकारतात, तेव्हा छपरांवरून पडतात. पौषात मोडलेले हाड, तिप्पट काळ धरला तरी, मृगापर्यंत जुळून येते. वैशाखात मोडलेले हाड लावणी गाठू शकत नाही. त्या घरात लावणीला बापाच्या जागी मुलगी उभी राहिली, आणि आमच्या हजेरीपटावर जुलै महिनाभर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा आहेत. मोडलेल्या हाडाचा आम्हांस सापडलेला हा एकमेव लेखी पुरावा.

कायद्याने या काळाचे मोल करण्याचा एक प्रयत्न केला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात तात्पुरत्या असमर्थतेच्या काळासाठी निम्म्या वेतनाइतकी रक्कम द्यावी अशी तरतूद होती, आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार कामावर पडला तर त्याला काही आधार मिळतो. स्वतःच्या छपरावरून पडलेल्या शेतकऱ्याला मालक नाही. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूसाठी आणि डोळा किंवा अवयव कायमचा गेल्यास मदत आहे. जो बरा होतो, त्याच्या बरे होण्याच्या काळाला तेथे रकाना नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळून तीस जण गेले, २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक. अशा प्रसंगी मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, आणि ती व्हायलाच हवी. पण दोन्ही बाजूंनी एकच रीत दिसते. बातमी असो, कथा असो वा शासन निर्णय, मधल्या माणसाकडे, म्हणजे मेला नाही आणि अजून चालूही शकत नाही अशा माणसाकडे, कोणाचेच लक्ष नाही.

भाषेकडे मात्र आहे. मराठीत हाड ‘बसवतात’ आणि हाड ‘जुळते’. पहिले क्रियापद सकर्मक, वैद्याच्या हातातले, क्षणाचे. दुसरे अकर्मक, कोणाच्याही हातात नसलेले, महिन्यांचे. ‘मोडणे’ दोन्हीकडे चालते : हाड मोडते, आणि मोडणारा असला तर तो हाड मोडतो. महाडच्या त्या मार्चमध्ये आणि पार घाटाच्या त्या दगडावर एकच क्रियापद दोन निराळ्या व्याकरणांनी वापरावे लागते, हे व्याकरण शिकवताना उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे. न फुटलेल्या, रक्त न आलेल्या आघाताला आपण ‘मुका मार’ म्हणतो. याहून नेमका शब्द या साऱ्या इतिहासाला आम्हांस सुचत नाही.

गेल्या दिवाळीपासून आमचे काही विद्यार्थी कापडे, वाकण, उमरठ या बाजूच्या वाड्यांतून वृद्धांकडून शब्द टिपून आणत आहेत. प्रश्न आम्ही ठरवून दिले आहेत : कोठून पडलात, कोणी उचलून आणले, डोलीत की पाठुंगळी, काय बांधले, किती दिवस, त्या दिवसांत घरात काम कोणी केले, पुन्हा झाडावर पहिल्यांदा कधी चढलात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे सविस्तर देतात. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी आधी नुसते हसून मग बोट मोजायला सुरुवात केली. वहीत आतापर्यंत एकोणीस उत्तरे आहेत, आणि त्यांतील सात जणांना ती तिथी आठवली.